जुळणी आढळली नाही

"नाव बरोबर लिहिलंय ना? तुम्हीच वाचा एकदा," असं म्हणत टेलरकाकांनी कागद काउंटरच्या खिडकीतून आत सरकवला.

मशीनबाईंनी कागद वाचला, मग पडद्यावरचं नाव वाचलं. "बरोबर आहे काका."

"काना, मात्रा?"

"सगळं बरोबर आहे."

"मग परत एकदा दाबून बघा की. शिलाईचं मशीनसुद्धा कधी कधी पहिल्या झटक्यात दोरा घेत नाही."

त्यांनी परत दाबलं. अर्धा सेकंद गेला आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. जुळणी आढळली नाही.

ही ओळ मशीनबाईंनीच लिहिली होती. 'सापडली नाही' लिहावं की 'आढळली नाही', यावर साहेबांशी चांगली दहा मिनिटं चर्चा झाली होती आणि 'आढळली'त जरा कार्यालयाचा रुबाब आहे असं ठरलं होतं. पण ती ओळ पडद्यावर येते तेव्हा काचेपलीकडच्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांची जागा आतल्या खोलीत होती. आज काउंटरवरची मुलगी दाढ काढायला गेली म्हणून त्या बाहेर येऊन बसल्या होत्या.

हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणारं ते कार्यालय. माणूस हरवला की घरचे इथे येऊन नाव, वय, अंगावरच्या खुणा लिहून देत. आणि निराधार म्हणून कुठे कुणी सापडलं, तर आश्रयगृहं, दवाखाने त्या माणसाची नोंद आपापल्या जागेवरून पाठवत. अशा दोन याद्या. एकीतलं नाव दुसरीत आहे का, एवढंच बघायचं. पूर्वी हे काम एक जुने कारकून दोन जाडजूड वह्या शेजारी शेजारी मांडून, चष्मा कपाळावर ढकलून करत. महिन्याला दोन-तीन माणसं जुळत. ते निवृत्त झाले, वह्या बांधून गोदामात गेल्या आणि अकरा महिन्यांपूर्वी मशीनबाईंचा प्रोग्रॅम सुरू झाला.

मशीनबाई हे नाव कार्यालयाने ठेवलेलं. त्या बारा वर्षं टंकलेखिका होत्या. पस्तिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणकाची भाषा शिकल्या. वर्गात सगळी मुलं त्यांच्या भाच्यांच्या वयाची. परीक्षेत त्या दुसऱ्या आल्या तेव्हा कार्यालयात थट्टा झाली, "आता बाई घरी पण बटण दाबून भांडी घासणार." नाव पडलं ते तेव्हा. आता त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. या कार्यालयातली पगारपत्रकं, रजेचे अर्ज, सगळं त्यांच्याच प्रोग्रॅमवर चाले आणि त्याचं त्यांना आता विशेष काही वाटत नसे.

"दर मंगळवारी येतो मी," टेलरकाका म्हणाले. "ती मुलगी ओळखते मला. चांगली आहे. पण ती नुसतं दाबते आणि नाही म्हणते. तुम्ही जाणत्या दिसता. त्या दुसऱ्या यादीत नुसत्या डोळ्यांनी बघता येत नाही का? म्हणजे मला तसं काही कळत नाही त्यातलं."

मागे रांग नव्हती. साडेअकरा वाजले होते. नाही म्हणायला काही कारण नव्हतं म्हणून मशीनबाईंनी आश्रयगृहांकडून आलेली यादी उघडली आणि बोटाने खाली खाली सरकवू लागल्या.

"कधीपासून बेपत्ता आहेत?"

"दहा महिने होतील. बसस्टँडवर मी तिकीट काढायला वळलो आणि ही गेली. विसरायला लागली होती हो अलीकडे. स्वतःचं नाव सांगायची, पण घर कुठे ते नाही सांगता यायचं. मनगटावर डाग आहे, डाव्या. इस्त्रीचा. माझ्याच हातून लागली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

दोनशे बाराव्या ओळीवर मशीनबाईंचं बोट थांबलं.

तेच नाव. तेच आडनाव. खूण: डावं मनगट, भाजल्याचा डाग. नोंद टेलरकाकांची बायको हरवल्यानंतर सहाव्या दिवशीची. आश्रयगृह इथून बसने पाऊण तासावर.

त्यांनी ओळ उजवीकडे सरकवली. शेवटच्या रकान्यात 'निधन' लिहिलं होतं. पुढे तारीख होती. सतरा आठवड्यांपूर्वीची.

"आहे का काही?" काका खिडकीत वाकले.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाकावर बसा. मला आत जाऊन एक बघायचंय."

"बसतो की. दुकान बंदच ठेवतो मंगळवारी."

आतल्या खोलीत त्यांनी दोन्ही नावं एकाखाली एक मांडली. अशा वेळी जे करायचं असतं ते सगळं क्रमाने केलं. नावापुढे एखादी न दिसणारी मोकळी जागा राहिली आहे का, बघितलं. नव्हती. अक्षरं मोजली, सारखी भरली. यंत्र प्रत्येक अक्षराला जो आकडा देतं तो तपासला, पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. आकार, वेलांटी, जोडाक्षर, कुठेही केसाचा फरक नव्हता. मग प्रोग्रॅमला विचारलं, ही दोन नावं सारखी आहेत का? प्रोग्रॅम म्हणाला, नाही.

तेव्हा त्यांनी ती ओळ उघडली.

दोन नावं सारखी आहेत का, हे यंत्राला दोन तऱ्हांनी विचारता येतं. एका तऱ्हेत यंत्र दोन्ही नावं अक्षर लावून वाचतं. दुसऱ्या तऱ्हेत ते वाचतच नाही. दोन्ही नावं आपल्या पोटात एकाच जागी ठेवलेली आहेत का, एवढंच बघतं. जागा एक असेल तर हो, नाहीतर नाही. मशीनबाईंनी नावांच्या मध्ये दोन बरोबरची चिन्हं टाकली होती. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ही दुसरी तऱ्हा. एक नाव घरच्यांच्या यादीतून येऊन एका जागी उतरे, दुसरं आश्रयगृहाच्या यादीतून येऊन दुसऱ्या जागी. ती दोन कधीही, कुणाचीही, जुळणार नव्हती.

मग चाचणीत कशी जुळली? तेही त्यांना बसल्या जागी कळलं. चाचणीची दहा नावं त्यांनी प्रोग्रॅममध्येच टंकली होती. तिथे एकसारखं नाव दोनदा लिहिलं तरी यंत्र जागा वाचवायला एकच प्रत ठेवतं. दहापैकी दहा जुळली. साहेबांनी टाळी वाजवली होती.

वर्गात तिसऱ्या आठवड्यात हे शिकवलं होतं. मशीनबाईंनी वहीत लाल शाईने चौकट आखून लिहून घेतलं होतं. त्यांना ती चौकट दिसली, चौकटीचा किंचित तिरपा गेलेला कोपराही दिसला. आणखी काही व्हावं म्हणून त्या थोडा वेळ वाट बघत बसल्या. रडू येईल, हातपाय कापतील, असं काहीतरी. काही झालं नाही. टेबलावर चहाच्या कपाचं गोल ओलं वर्तुळ होतं. ते त्यांनी रुमालाने पुसलं.

दुरुस्तीला एक मिनिटही लागलं नाही. एक ओळ, एक शब्द. मग त्यांनी दोन्ही याद्या पुन्हा प्रोग्रॅममध्ये सोडल्या. पडद्यावर नावं जोडीजोडीने येऊ लागली. सदतीस जोड्या आल्या. त्यातली एकोणतीस माणसं जिवंत होती.

मशीनबाईंनी चूक सांगून पुढे ठेवलेला जोड्यांचा कागद साहेबांनी दोनदा वाचला. मग उठून दार लोटून घेतलं.

"अकरा महिने?"

"हो."

"वरून विचारलं होतं एकदा, जुळण्या शून्य कशा. मीच लिहून दिलं, आश्रयगृहांकडून माहिती नीट येत नाही म्हणून." ते खुर्चीत बसले. वाईट माणूस नव्हता तो. मशीनबाईंच्या आई गेल्या तेव्हा हाच माणूस पहाटेपासून दाराशी उभा होता. "एकोणतीस घरांना आत्ता फोन लावायला घ्या. सगळ्यांना बसवा फोनवर. हे आधी."

"बाहेर टेलरकाका बसलेत."

"कोण?"

त्यांनी सांगितलं. साहेबांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

"हे बघा बाई. नोंद उशिरा आली, एवढंच सांगा त्यांना. बायको गेली, हे कळणारच आहे त्यांना. पण पाऊण तासावर होती आणि आपण दर मंगळवारी नाही म्हणत होतो, हे कशाला त्यांच्या पदरात घालायचं? हे मी कार्यालयासाठी म्हणत नाहीये. म्हणजे कार्यालयासाठी पण म्हणतोय. पण त्यांच्यासाठी जास्त."

मशीनबाईंना ते पटलं. खरोखर पटलं. "बरं," असं म्हणून त्या बाहेर आल्या.

टेलरकाका बाकावर गुडघे जुळवून बसले होते. शेजारी कापडी पिशवी. त्या शेजारी बसल्या. सांगायचं वाक्य त्यांनी दारापासून बाकापर्यंतच्या सात-आठ पावलांत जुळवलं होतं, ते त्यांनी सांगितलं. आश्रयगृहाचं नाव सांगितलं. निधन हा शब्द वापरला.

काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी बायकोचं नाव घेतलं. मोठ्याने, सबंध नाव, जसं कागदावर होतं तसं. आजवर काउंटरवर त्यांनी ते कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं, नेहमी कागदच सरकवला होता.

"कधी?"

"सतरा आठवडे झाले."

"आणि नोंद कधी आली तुमच्याकडे?"

हा प्रश्न त्यांनी मान न वळवता विचारला. मशीनबाईंना 'परवा' म्हणता आलं असतं. 'कालच' म्हणता आलं असतं. त्यांच्या तोंडात दोन्ही शब्द तयार होते.

"सहाव्या दिवशी," त्या म्हणाल्या. "त्या हरवल्यापासून सहाव्या दिवशी. नाव पहिल्यापासून यादीत होतं. प्रोग्रॅम चुकीचा होता. तो मी लिहिलाय."

काकांनी आता मान वळवली.

"म्हणजे नाव चुकलं होतं?"

"नाही. नाव तेच होतं."

"अक्षर न् अक्षर?"

"अक्षर न् अक्षर."

"मग?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. यंत्राच्या पोटातल्या जागा, याद्या, प्रती. काकांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्या मध्येच थांबल्या. मग काकाच म्हणाले, "थांबा. एका मापाचे दोन शर्ट शिवले मी. एक या खुंटीला, एक त्या खुंटीला. तुम्ही मशीनला विचारलंत, हा तोच शर्ट आहे का."

"हो."

"ते नाही म्हणणारच. दोन शर्ट आहेत ते."

"हो."

"विचारायचं होतं, माप तेच आहे का."

"हो काका."

"आमच्यात पोऱ्यासुद्धा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आतून फोनवर बोलण्याचे आवाज यायला लागले होते. कुणीतरी मोठ्याने सांगत होतं, "अहो जिवंत आहेत, जिवंत! तुम्ही खाली बसा आधी." काका ते ऐकत होते.

"ती माणसं?" त्यांनी विचारलं.

"आज जुळली. एकोणतीस."

"बरं झालं," टेलरकाका म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी पिशवी उचलली. "मला तिकडे जायचंय. वाट माहीत नाही. उद्या न्याल?"

मशीनबाई थोरल्या बहिणीबरोबर राहत. दोघींनी लग्न केलं नव्हतं. थोरली परिचारिका होती, आता निवृत्त. त्या दिवशी संध्याकाळी तिने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "दुपारी डबा खाल्लास का?"

"खाल्ला."

"पिशवीत तसाच आहे. वजन कळतं मला."

मशीनबाई स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला बसल्या. सोलता सोलता सगळं सांगितलं, कार्यालयात अहवाल देतात तशा आवाजात. पंचवीस मंगळवार, त्या म्हणाल्या. बायको तिथे जिवंत होती ते पंचवीस आठवडे. पंचवीस वेळा काका आले आणि पंचवीस वेळा त्यांच्या ओळीने काकांना परत पाठवलं. हे गणित त्यांनी बसमध्ये केलं होतं आणि चुकलं तर नाही ना म्हणून दोनदा पडताळलं होतं.

थोरलीने गॅस बंद केला. "तुझी एकटीची चूक नाही, चाचणीवर चौघांच्या सह्या होत्या, वगैरे मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "मला बत्तीस वर्षं लोकांनी तसलं सांगितलंय. एकदाही उपयोग झाला नाही."

"मला काही होतच नाहीये गं. रडू पण नाही."

"नको येऊ दे. त्याला काय वेळापत्रक असतं?" थोरलीने तिच्या हातातलं सोलाणं काढून घेतलं. "अगं, अर्धा बटाटा सालातच घालवलास. उद्या जाणार आहेस ना त्यांच्याबरोबर? मग दोघांचं बांधून देते. कुठेतरी बसून खा. आणि त्यांना आधी दे."

रात्री नेहमीच्या वेळी दिवा मालवला गेला आणि मशीनबाईंना झोपही लागली, नेहमीसारखी. त्याचंच त्यांना सकाळी नवल वाटलं.

निघण्याआधी त्या कार्यालयात गेल्या आणि एक पानी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यात प्रोग्रॅममधली चूक काय, ती कोणी केली आणि किती दिवस राहिली, हे लिहून खाली सही केली होती. 'तांत्रिक त्रुटी' हा शब्द साहेब सुचवतील हे ठाऊक होतं, म्हणून तो आधीच टाळून लिहिलं होतं. पुढे पाच आठवड्यांनी तो कागद वरून परत आला. कोपऱ्यात 'नोंद घेतली' असं लिहिलेलं होतं आणि खाली शिक्का. बाकी काहीही झालं नाही. कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही. महिनाअखेर पगार नेहमीसारखा झाला. त्यांना वाटत होतं निदान कुणीतरी ओरडेल.

बसमध्ये टेलरकाका खिडकीशी बसले. उतरल्यावर स्टँडवरच्या कट्ट्यावर दोघांनी जेवून घेतलं. काकांनी दोन घास खाल्ले, मग मशीनबाईंच्या ब्लाउजच्या बाहीकडे बघून म्हणाले, "ही शिवण उसवतेय. आतून एक टीप मारून घ्या, नाहीतर वरपर्यंत जाईल."

"घेते," त्या म्हणाल्या.

आश्रयगृह म्हणजे एक लांबट एकमजली इमारत होती. पुढे पत्र्याची शेड, दाराशी सिमेंटची पायरी. तिथली मुख्य मावशी जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई होती. पण काका कोण हे कळल्यावर तिचा आवाज आपोआप खाली आला. तिने रजिस्टर काढलं, सही घेतली, कपाटातून एक गाठोडं आणून दिलं. दोन साड्या, एक फणी, एक रिकामी रिळाची पेटी.

"अंत्यविधी आम्हीच केला," ती म्हणाली. "घरचं कुणी येतंय का म्हणून तीन दिवस वाट बघितली होती. ताप आला आणि छातीत उतरला, चौथ्या दिवशी गेल्या. त्रास नाही झाला फार."

काकांनी मान हलवली.

"फार शिस्तीच्या होत्या हो आजी. आमच्या सगळ्या चादरींच्या कडा त्यांनी दुमडून शिवल्या. सुई द्यायची भीती वाटायची आम्हाला, पण एकदा टोचून घेतलं नाही. कुठल्या तुम्ही, विचारलं की नुसतं हसायच्या. पण चार वाजले की त्या पायरीवर जाऊन बसायच्या. म्हणायच्या, 'दुकान बंद करून येतीलच आता.'"

"मी चारला नाही बंद करत," टेलरकाका म्हणाले. "सातला करतो."

मावशीने एकदा मशीनबाईंकडे बघितलं.

"सातलाच उठवायचो त्यांना पायरीवरून," ती म्हणाली. "जेवणाची घंटा सातला असते."

मशीनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. भिंतीचा गारवा पाठीला लागत होता, एवढं मात्र त्यांना नीट कळत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. 'मला माफ करा' हे त्यांनी काल म्हटलं नव्हतं आणि आज म्हटलं नव्हतं. आता त्यांनी तोंड उघडलं आणि म्हटलं, "काका, मला..."

"असू द्या," काका म्हणाले. रागाने नाही, मायेनेही नाही. मापं लिहून घेताना मधे कुणी बोललं तर म्हणावं तसं. मग ते मावशीकडे वळले. "खाट कुठली होती?"

"खाट दिली हो दुसऱ्यांना. रिकामी ठेवता येत नाही आम्हाला."

"बघतो नुसती."

लांब खोलीत दोन्ही बाजूंना खाटा होत्या. दुपारची वेळ, बऱ्याच जणी पडून होत्या. मावशीने डावीकडची चौथी खाट दाखवली. तिच्यावर एक वाळकी, पांढऱ्या केसांची बाई भिंतीकडे पाठ करून आडवी झाली होती. डोळे उघडे होते. काका खाटेजवळ जाऊन उभे राहिले, गाठोडं दोन्ही हातांत धरून. मशीनबाई दारातच थांबल्या.

त्या बाईने काकांकडे पाहिलं. कोण, कुठले, काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बसा की. उभे का?"

टेलरकाका पायथ्याशी, अगदी कडेला बसले. जागा अपुरी पडत होती. बाईने अंगावरची चादर ओढून घेतली आणि आपले पाय आणखी थोडे वर घेतले.